दारू सोडताना आधारगटाची पहिली मीटिंग : शोधावी कशी आणि तिथे टिकावे कसे

दारू आपल्या हाताबाहेर गेली आहे असे ज्यांना स्वतःलाच वाटू लागले आहे, आणि ज्यांना ते अजून पुरते पटलेले नाही पण घरच्यांच्या किंवा डॉक्टरांच्या आग्रहाखातर एकदा आधारगटाच्या, म्हणजे दारू सोडू पाहणारे लोक एकमेकांना आधार देतात अशा गटाच्या, मीटिंगला जाऊन यायचे आहे, अशा दोघांसाठीही हा लेख आहे. गटाच्या दाराशी कोणी तुमच्या निर्धाराचे माप काढत नाही, त्यामुळे पुढची माहिती दोघांनाही सारखीच उपयोगी पडेल. पहिल्याच मीटिंगमधून काही शिकून येण्याची घाई करू नये. तिथल्या एका तरी माणसाशी, अडचणीच्या वेळी फोन करता येईल इतपत, ओळख करून यावी. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीसाठीच आहेत.

मीटिंगच्या आधी डॉक्टर

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने, विशेषतः सकाळी हातांची थरथर थांबावी म्हणून ज्याला पेला उचलावा लागतो त्याने, मीटिंगला जायच्या उत्साहात दारू एका फटक्यात बंद करू नये. दारूची सवय झालेल्या शरीराला ती मिळेनाशी झाली की शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत कंप, घाम, मळमळ, धडधड आणि बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. काही जणांना ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भ्रम होतो, नसलेली माणसे किंवा किडे दिसू लागतात, वेळकाळाचे भान सुटते, ताप चढतो; अशा वेळी तातडीने उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर पुन्हा तसे होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून रोज किती पिता आणि शेवटचे केव्हा प्यालात हे डॉक्टरांना काहीही न लपवता सांगावे. काही दिवस योग्य औषधे आणि सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देऊन ते हा काळ सुखरूप पार पाडू शकतात.

आधारगट हे काम करत नाही; तिथे औषधोपचार नसतो आणि तसा दावाही कोणी करत नाही. मात्र उपचार चालू असतानाच मीटिंगला जायला काहीच हरकत नाही. रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल तर सुटी मिळण्याआधीच पहिली मीटिंग झालेली असणे उत्तम, कारण घरी परतल्यानंतरचे पहिले काही दिवस फार निसरडे असतात.

कोणता गट

सर्वांत जुना आणि जगभर सर्वाधिक पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, ज्याला सगळे एए म्हणतात. त्याची सुरुवात कशी झाली हे नवख्या माणसाने जाणून घेण्यासारखे आहे. १९३५ साली बिल विल्सन नावाचे शेअर व्यवसायातले गृहस्थ कामानिमित्त अमेरिकेतील ॲक्रन या गावी गेले होते. काही महिन्यांपासून त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता, पण व्यवहार फिसकटला आणि हॉटेलात एकटे असताना पिण्याची ओढ पुन्हा उसळून आली. तेव्हा त्यांनी तिथल्या धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली आणि ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा मद्यासक्त माणूस शोधला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकांशी त्यांची भेट झाली. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला ज्या दिवशी घेतला तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो. दोन दारुड्यांनी एकमेकांशी खरे बोलणे, यातून हे सगळे उभे राहिले आहे आणि आजही मीटिंगमध्ये मुख्यतः तेच चालते.

एएचा कार्यक्रम १९३९ साली छापल्या गेलेल्या बारा पायऱ्यांवर, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी एकेक करून करायच्या बारा गोष्टींवर, आधारलेला आहे. त्याची भाषा आध्यात्मिक आहे. ईश्वराचा उल्लेख 'आपल्याला उमगलेला ईश्वर' असा येतो, आणि ज्यांची देवावर श्रद्धा नाही असे अनेक सदस्य गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानून वर्षानुवर्षे त्यात राहिले आहेत. तरीही ही भाषा मनाला रुचत नसेल, तर १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी या नावाने चालणारे गट आहेत. त्यांत प्रशिक्षित संचालक मीटिंग चालवतो आणि विचार व वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धती शिकवतो, उदाहरणार्थ पिण्याचे फायदेतोटे चार रकान्यांत लिहून काढणे किंवा ओढ आली की ती ओसरेपर्यंत काय करायचे याची आखणी करणे. केवळ स्त्रियांसाठी १९७५ साली सुरू झालेला विमेन फॉर सोब्रायटी हा गटही आहे.

या गटांचा खरोखर उपयोग होतो का, अशी शंका रास्त आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यासांची आणि १०,५६५ सहभागी व्यक्तींची माहिती तपासली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार हे, दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा अधिक परिणामकारक आणि इतर बाबतींत जवळपास तेवढेच परिणामकारक असल्याचे त्यात आढळले. यातला 'पद्धतशीरपणे जोडून देणारे' हा भाग नीट वाचावा. नुसता पत्ता हातात देणे आणि माणसाला तिथपर्यंत पोचवणे यांत फार अंतर आहे.

माझा सल्ला असा की सुरुवातीला गट निवडताना तत्त्वज्ञानापेक्षा अंतर आणि वेळ पाहावी. तुमच्या विचारांशी तंतोतंत जुळणारा पण महिन्यातून एकदाच गाठता येणारा गट असेल, तर त्यापेक्षा पुढच्या आठवड्यात पुन्हा सहज जाता येईल असा गट पहिल्या काही महिन्यांत अधिक कामाचा असतो.

पत्ता आणि फोन

मीटिंगचे वेळापत्रक गटाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. एएचे मीटिंग गाइड नावाचे मोफत ॲपही आहे, ज्यात जवळच्या मीटिंग दिवस आणि वेळेनुसार दिसतात. इंटरनेटवर शोधताना एक सावधगिरी बाळगावी : गटाचे नाव टाकले तरी अनेकदा वर खासगी उपचारकेंद्रांच्या जाहिराती येतात आणि त्यांचे क्रमांक गटाच्या मदतवाहिनीसारखे दिसतात. फोन उचलणाऱ्याने फी, विमा किंवा दाखल होण्याच्या गोष्टी काढल्या तर तो आधारगट नव्हे असे समजावे. एएमध्ये प्रवेशशुल्क नसते, वर्गणी नसते, अर्ज भरावा लागत नाही; सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे.

यादीतील मीटिंगची जागा किंवा वेळ बदललेली असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी मदतवाहिनीला फोन करून खात्री करून घ्यावी. याच फोनमध्ये आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, मीटिंग खुली आहे की बंद. खुल्या मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, कुतूहल असलेला कोणीही बसू शकतो. बंद मीटिंग केवळ ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. सोबत पत्नी, पती किंवा मित्र येणार असेल तर खुली निवडावी. दुसरी, ती कोणत्या भाषेत चालते आणि नवख्यांसाठी वेगळी मीटिंग आहे का. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची : "मी पहिल्यांदाच येतोय, कोणी मला दाराशी भेटेल का?" असे सरळ विचारावे. हे विचारताना संकोच वाटतो, पण नव्या माणसाला आणायला जाणे हे जुने सदस्य स्वतःच्या सोब्रायटीचाच, म्हणजे दारूपासून दूर राहण्याचाच, भाग मानतात, त्यामुळे तुम्ही त्यांच्यावर ओझे टाकत नसता.

१९८१ साली प्रसिद्ध झालेला एक छोटासा अभ्यास याच मुद्द्यावर आहे. उपचार घेणाऱ्या वीस जणांपैकी निम्म्यांना मीटिंगची माहिती देऊन जायला सांगितले गेले. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्या समोरच एका सदस्याला फोन लावला, दोघांचे बोलणे करून दिले आणि त्या सदस्याने त्यांना सोबत नेण्याचे ठरवले. पहिल्या गटातले कोणीही गेले नाही. दुसऱ्या गटातले सगळे गेले. संख्या लहान आहे हे खरे, पण तुमचे डॉक्टर किंवा समुपदेशक केवळ "मीटिंगला जा" असे म्हणत असतील, तर "तुमच्या समोरच फोन लावूया का?" असे त्यांना म्हणायला हे उदाहरण पुरेसे आहे.

दाराशी

दहा-पंधरा मिनिटे आधी पोचावे. मीटिंग बहुधा शाळेची खोली, प्रार्थनास्थळाचे सभागृह, रुग्णालयाचा एखादा कोपरा अशा भाड्याने वा सवलतीने मिळालेल्या जागेत भरते. तिथे भरते म्हणून त्या संस्थेशी गटाचा संबंध असतो असे नाही. बाहेर लहानशी पाटी असते किंवा तीही नसते, त्यामुळे आधी विचारून ठेवलेली खूण उपयोगी पडते. कोणी ओळखीचे भेटेल ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. भेटलेच तर ती व्यक्तीही त्याच कारणासाठी तिथे आलेली असते, आणि मीटिंगमध्ये कोण दिसले व कोण काय बोलले हे बाहेर न नेण्याचा संकेत तिच्यावरही तितकाच बंधनकारक असतो. मात्र हा संकेत आहे, कायदा नव्हे. म्हणून न्यायालयीन प्रकरण किंवा गुन्ह्याशी संबंधित तपशील तिथे न मांडता वकिलाशी किंवा समुपदेशकाशीच बोलावेत.

त्या दिवशी प्यालेले असाल तर? शक्यतो न पिता जावे. पण प्यालो आहे म्हणून जाणेच टाळू नये. बहुतेक गट अशा माणसाला शांत बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका असे सांगतात. बाटली सोबत नेऊ नये आणि वाहन स्वतः चालवू नये.

आत काय होते

खुर्च्या गोलाकार किंवा रांगेत मांडलेल्या असतात. मीटिंग साधारण एक ते दीड तासाची असते. संचालन करणारा सदस्य गटाची ओळख करून देणारा मजकूर वाचतो, मग बारा पायऱ्यांपैकी काही भाग वाचला जातो, आणि कोणी पहिल्यांदा आले आहे का असे विचारले जाते. हात वर करणे सक्तीचे नाही. केलात तर मीटिंगनंतर लोक आपणहून तुमच्याजवळ येतात, हा त्याचा खरा फायदा. त्यानंतर एकेक जण बोलू लागतो : आधी पहिले नाव, मग "मी मद्यासक्त आहे", आणि बाकीचे त्या नावाने त्याला नमस्कार करतात. हे वाक्य तुम्ही उच्चारलेच पाहिजे असा नियम नाही. "माझे नाव अमुक, आज फक्त ऐकायला आलो आहे" एवढे म्हटले तरी चालते, आणि पाळी येताच नुसती मान हलवून पुढच्याला बोलू दिले तरीही कोणी कारण विचारत नाही.

एएमध्ये एक जण बोलत असताना इतरांनी मध्ये बोलायचे नसते, आणि त्याच्या बोलण्यावर सल्ला, टीका किंवा प्रतिप्रश्न करायचा नसतो. नवख्याला हे विचित्र वाटते. एवढे जड काही सांगून माणूस थांबतो आणि उत्तरादाखल फक्त "धन्यवाद" येते. पण घरी, दवाखान्यात, कामावर सगळीकडे उपदेश ऐकून आलेल्या माणसाला आपले म्हणणे कोणीही न तोडता ऐकून घेतले जाणे हा अनुभव बहुधा कित्येक वर्षांत मिळालेला नसतो. स्मार्ट रिकव्हरीच्या मीटिंगमध्ये याउलट परस्परांशी चर्चा अपेक्षित असते. ज्याला ऐकून घेणारे हवेत त्याला पहिली पद्धत मानवते, ज्याला प्रश्न विचारून उत्तर काढायचे असते त्याला दुसरी.

ऐकताना फरक मोजण्याची सवय मनाला असते : हा तर रस्त्यावर पडायचा, मी कधी पडलो नाही, हिची नोकरी गेली, माझी शाबूत आहे. या तुलनेत वेळ घालवू नये. त्याऐवजी बाटली लपवण्याची जागा, सकाळची खोटी कारणे, मोजून पिण्याचे मोडलेले संकल्प यांपैकी काय काय आपल्याही घरी घडते, तिकडे कान ठेवावा.

मध्येच एक पिशवी किंवा डबा फिरतो. गटाचा खर्च सदस्यांच्या ऐच्छिक पैशांतूनच चालतो आणि बाहेरून देणगी घेतली जात नाही. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकण्याची अपेक्षा नसते. शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात, काही ठिकाणी हात धरून. म्हणायची नसेल तर शांत उभे राहावे. न्यायालयाने किंवा नोकरीच्या ठिकाणी हजेरीचा कागद मागितला असेल, तर मीटिंग सुरू होण्यापूर्वीच संचालकाला तो दाखवावा. सही करायची की नाही हे प्रत्येक गट स्वतः ठरवतो.

मीटिंग संपल्यावरची पंधरा मिनिटे

बहुतेक नवखे प्रार्थना संपताच दार गाठतात. या पंधरा मिनिटांसाठी मात्र थांबावेच. खुर्च्या उचलायला हात लावावा. हाताला काम असले की अनोळखी लोकांत उभे राहणे सोपे जाते आणि बोलणे आपोआप सुरू होते. ज्याचे बोलणे मनाला लागले त्याच्याकडे जाऊन तेवढेच सांगावे आणि फोन नंबर मागावा. पुष्कळ गटांत नव्या माणसाला नंबरांची यादीच दिली जाते. स्त्रियांनी स्त्रियांचे आणि पुरुषांनी पुरुषांचे नंबर घ्यावेत असा जुना प्रघात आहे आणि तो शहाणपणाचा आहे.

मग त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, पिण्याची ओढ नसतानाच, त्या नंबरावर एक फोन करावा. "काल मीटिंगला भेटलो होतो, नंबर चालतो का ते पाहायला केला" एवढेही पुरते. हा फोन न केलेल्या माणसाला पुढे ओढ अनावर झाली असताना पहिल्यांदाच अनोळखी नंबर लावणे जवळपास अशक्य होते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ओढ हमखास बळावते असे सदस्य नेहमी सांगतात. त्यांतली कोणतीही जाणवली की आधी तिचा बंदोबस्त करावा आणि मग फोन करावा, किंवा उलट क्रमाने, पण दोन्ही करावे.

पुढचे काही आठवडे

एका मीटिंगवरून मत बनवू नये. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. एकात वयस्क पुरुषच असतात, दुसऱ्यात वाचनावर भर असतो, तिसऱ्यात फार कमी लोक येतात. पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंग पाहून त्यांतली एक आपली मानावी आणि ती शक्यतो चुकवू नये. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग कराव्यात असे एएमध्ये पुष्कळदा सांगितले जाते. तो नियम नव्हे, पण रोज संध्याकाळी पिण्याची जी वेळ होती ती रोज भरून काढण्याचा तो साधा उपाय आहे.

काही दिवसांनी स्पॉन्सर शोधावा, म्हणजे स्वतः किमान वर्षभर दारूपासून दूर असलेला आणि तुम्हाला पायऱ्यांमधून नेऊ शकेल असा जुना सदस्य. तो आपला अनुभव सांगतो. तो डॉक्टर नव्हे, सावकार नव्हे, वैवाहिक सल्लागारही नव्हे. नॅल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम यांसारखी दारू सोडण्याची औषधे किंवा नैराश्यावरच्या गोळ्या बंद कर असे कोणी सांगितले, तर ते मुळीच ऐकू नये. सदस्यांनी डॉक्टरची भूमिका घेऊ नये, अशी एएच्या स्वतःच्या साहित्यातही स्पष्ट सूचना आहे. उसने पैसे मागणारा, एकटे भेटायला बोलावणारा किंवा नव्या स्त्री सदस्यांशी सलगी करणारा माणूस कुठल्याही गटात असू शकतो. असे घडल्यास संचालकाला सांगावे आणि गट बदलावा. मीटिंगला जाणे मात्र थांबवू नये.

जाणे शक्य नसेल तेव्हा ऑनलाइन मीटिंग असतात. त्यात शिरण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे आपले पूर्ण नाव बदलून फक्त पहिले नाव ठेवावे, फोटो काढून टाकावा आणि इअरफोन लावावेत, म्हणजे इतरांचे बोलणे घरात कोणाच्या कानी पडणार नाही. व्हॉट्सॲप गटात सामील होताना आपला नंबर सर्वांना दिसतो हेही ध्यानात ठेवावे.

घरच्यांसाठी

घरच्यांचे स्वतःचे गट आहेत : १९५१ पासून अल-ॲनॉन आणि किशोरवयीन मुलांसाठी १९५७ पासून ॲलाटीन. पिणारा माणूस मीटिंगला जायला तयार नसला तरी घरच्यांनी आपल्या मीटिंगला जावे, त्यासाठी त्याच्या परवानगीची गरज नाही. तो जाऊ लागला तर तिथे काय बोललास असे विचारू नये. आणि डायसल्फिराम त्याच्या नकळत जेवणात कालवून देऊ नये. त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

पुन्हा प्यालात तर

पुन्हा पिणे पुष्कळांच्या बाबतीत घडते, आणि त्यानंतर लाजेने मीटिंग टाळण्याचा काळ हा प्रत्यक्ष पिण्याइतकाच घातक ठरतो. म्हणून आधीच ठरवून ठेवावे की असे झाले तर पहिला फोन कोणाला करायचा, आणि तो नंबर घरातल्या एका माणसालाही देऊन ठेवावा. त्यानंतरच्या पहिल्याच मीटिंगला जावे आणि बोलायची पाळी येईल तेव्हा काल किंवा परवा प्यालो एवढे एक वाक्य बोलावे. दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते. गटातले स्थान तेच राहते. पिणे एका संध्याकाळीच थांबले नसून काही दिवस सलग चालू राहिले असेल, तर ते अचानक बंद करण्यापूर्वी पुन्हा डॉक्टरांना गाठावे, आणि दवाखान्यात सोबत येण्यासाठी गटातल्याच कोणाला तरी बोलवावे.